ऑनर्स म्हणजे नेमकं काय गं, काकी?

शेतात बांधावर मोबाइल ठेवून खुरपता खुरपता ऐकणाऱ्या, चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या, आणि "आज काय सांगतीय बघू" म्हणून कानोसा घेणाऱ्या माझ्या सगळ्या ताया, वहिन्या, मावश्यांना नमस्कार. मी बचत गटांचं काम बघते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एरवी मी कर्जाचे हप्ते, शेळीचा विमा, बँकेची कागदपत्रं असलं काहीतरी बोलते. आज विषय जरा वेगळा आहे. आज कॉलेजबद्दल बोलायचंय. पण थांबा, "आमचं काय काम त्यात" म्हणून रेडिओ बंद करू नका. पैशाचाच विषय आहे, आणि घरातल्या पोरीचाही.

गोष्ट २०२४ च्या जुलैची. तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसरला आली होती. आपल्या भागात पालखी आली की कामाचा कसा डोंगर असतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. आमच्या घरी दोन दिंड्यांच्या पंगती. मी, थोरली जाऊ, सासूबाई, शेजारच्या दोघी, सगळ्या भाकऱ्या थापत होतो. पिठानं हात भरलेले. तेवढ्यात पुतणी आली, हातात कॉलेजचं माहितीपत्रक. बारावी आर्ट्स झालेली, मार्क बरे पडलेले.

म्हणाली, "काकी, इथं बी.ए. ऑनर्स लिहिलंय. ऑनर्स म्हणजे नेमकं काय गं?"

मी म्हटलं, "ऑनर म्हणजे मान."

शेजारची मावशी हसून म्हणाली, "म्हंजे कॉलेजात गेल्यावर शाल-नारळ देत्यात व्हय?"

सगळ्या हसल्या. पण जाऊबाईंनी भाकरी तव्यावर टाकता टाकता कामाचा प्रश्न विचारला. "किती वर्षं?"

"चार."

"चार? बी.ए. तर तीन वर्षांचं आसतंय. तुझ्या काकीनं तीन वर्षांत केलं."

तव्यावरची भाकरी करपली त्या दिवशी. थोरले दीर दारातच उभे होते, वारकऱ्यांना पाणी देत. काही बोलले नाहीत. पण मला त्यांचा हिशोब दिसला. अठरा आणि चार, बावीस. आपल्याकडं पोरीच्या बाबतीत वर्षं मोजतात ती कॉलेजची नसतात, हे तुम्हाला मी काय सांगू.

आता खरं सांगते. मला उत्तर येत नव्हतं. मी बी.ए. झालेली बाई, गटाच्या बैठकीत बायका माझ्याकडं कागद आणून देतात, "ताई, वाचा जरा." आणि घरच्या पोरीनं विचारलं तर मी "मान" म्हणून मोकळी झाले. मला लाज वाटली. ती लाज आणखी एका कारणानं वाटली, ते सांगते.

मी २०११ साली बी.ए. झाले. माझ्या पदवीवर नुसतं पुणे विद्यापीठ लिहिलंय. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं, त्याच्या आधीची मी. तेव्हा ऑनर्स नव्हतं, स्पेशल होतं. पहिल्या वर्षी सगळे विषय थोडे थोडे, आणि दुसऱ्या वर्षी एक विषय स्पेशल निवडायचा. त्याचे जादा पेपर. मला अर्थशास्त्र स्पेशल घ्यायचं होतं. का, तर आमच्या वडिलांचा ऊस कारखान्याला जायचा आणि पैसे कधी किती येतात याचा घरात कुणालाच मेळ लागायचा नाही. मला वाटायचं, हे कुठंतरी लिहिलेलं असणार. फॉर्म भरायला गेले तर खिडकीतल्या माणसानं वर न बघता विचारलं, "मराठी स्पेशल लिहू ना? मुली तेच घेतात." मी हो म्हणाले. मैत्रिणींनो, एवढंच झालं. कुणी मारलं नाही, कुणी अडवलं नाही. मी हो म्हणाले. मराठी वाईट नाही, मला त्यातून वाचायची गोडी लागली, आज तुमच्याशी बोलतेय ती त्यामुळंच. पण तो "हो" मला अजून टोचतो.

म्हणून पालखी पुढं गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी गटाची कामं दोन दिवस बाजूला ठेवली आणि पुतणीला घेऊन एसटीनं बारामती गाठली. तिथं कॉलेजमध्ये एका मॅडमना गाठून दीड तास डोकं खाल्लं. जे कळलं ते तुम्हाला सांगते, कारण तुमच्याही घरात पुढच्या जूनला हाच कागद येणार आहे.

नवं शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. आपल्याकडं कॉलेजांत ते हळूहळू लागू झालं, स्वायत्त कॉलेजांत आधी आणि बाकीच्या कॉलेजांत २०२४ पासून. त्यात पदवीच्या पायऱ्या केल्यात. तीन वर्षं शिकलात तर नेहमीची पदवी, आपल्याला माहीत असलेली बी.ए. चौथं वर्ष केलंत तर ऑनर्सची पदवी. त्या चौथ्या वर्षातही दोन वाटा आहेत. एक साधं ऑनर्स, दुसरं संशोधनासह ऑनर्स. त्या दुसऱ्यासाठी पहिल्या तीन वर्षांत, म्हणजे सहा सत्रांत, ७५ टक्के गुण लागतात.

म्हणजे जाऊबाईंच्या प्रश्नाचं उत्तर असं होतं: तीनाचे चार कुणी केलेले नाहीत. तीन आहेतच. चौथं आपल्या मर्जीवर आहे. आणि ते आज ठरवायचं नाही. पहिल्या वर्षी कुणी तुमच्याकडून चार वर्षांचं लिहून घेत नाही. मी हे ऐकलं आणि मॅडमच्या समोरच हुश्श केलं.

मग मी विचारलं, "मग पहिल्या वर्षाला ऑनर्सचं काय असतं?" मॅडम म्हणाल्या, "पाया असतो." एक मुख्य विषय असतो, त्याला मेजर म्हणतात. त्याची ओळख करून देणारे पेपर पहिल्याच वर्षी सुरू होतात, आणि पुढं चौथ्या वर्षापर्यंत त्याच्यावरच मजले चढत जातात. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी मुख्य विषय ठरवतात, काही ठिकाणी पहिल्यापासून ठरलेला असतो. हे आपापल्या कॉलेजात विचारायचं, शेजारणीच्या पोरीला नाही. शिवाय एक विषय दुसऱ्या शाखेचा घ्यावा लागतो. आर्ट्सच्या पोरीनं कॉमर्सचा किंवा सायन्सचा काहीतरी. भाषा असते, पर्यावरण असतं, हाताला कौशल्य देणारं काहीतरी असतं, एनएसएस नाहीतर खेळ असतो.

हे सगळं मोजतात क्रेडिटमध्ये. क्रेडिट म्हटलं की आपल्या गटातल्या बायकांना कर्ज आठवतं. पण हे क्रेडिट वेगळं. वर्गात बसून शिकलेले १५ तास म्हणजे एक क्रेडिट. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे सत्रात ६० तास. एका सत्राला २० ते २२ क्रेडिट. आणि ते क्रेडिट सरकारी खात्यात जमा होतात, त्याला क्रेडिटची बँकच म्हणतात. पुतणी लगेच म्हणाली, "म्हणजे आपल्या पासबुकासारखं, काकी." तसंच. फक्त या पासबुकातून कुणी उचल करू शकत नाही.

या बँकेत खातं उघडताना एक अडचण आली, ती आधीच सांगते म्हणजे तुमची फेरी वाचेल. आधार कार्डावरचं नाव आणि बारावीच्या मार्कलिस्टवरचं नाव एकसारखं पाहिजे. आमच्या पोरीच्या आधारावर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त होतं. ते दुरुस्त करायला दोन हेलपाटे पडले. पोर दहावीत असतानाच हे बघून ठेवा.

आता मला जे पटलं नाही, तेही बोलते. या धोरणात एक सोय आहे. एक वर्ष करून थांबलात, आणि वर चार क्रेडिटचं कौशल्याचं काम केलंत, तर सर्टिफिकेट मिळतं. दोन वर्षांवर थांबलात तर डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत येऊन पुढं शिकता येतं, आणि सगळं मिळून सात वर्षांत पुरं करायचं. ज्यानं धोरण केलं त्याचा हेतू चांगला असेल. आजारपण आलं, घरावर संकट आलं, तर शिकलेलं वाया जाऊ नये. पण मी गावात राहते. मला दिसतं ते असं, की हे बाहेर पडायचं दार पोरींच्याच बाजूला जास्त उघडं राहणार. "एक वर्ष झालं ना? सर्टिफिकेट मिळालं ना? बास झालं. पुढचं सासरी शिकेल." सासरी जाऊन परत कॉलेजात आलेल्या किती जणी तुम्ही बघितल्यात? मी बोटावर मोजते आणि बोटं उरतात. म्हणून माझं सांगणं आहे, की ही सोय घरात फार मोठ्यानं वाचून दाखवू नका. मी आमच्या घरी नाही दाखवली. हे आज रेडिओवर बोलतेय म्हणजे आता दिरांनाही कळलं, पण आता ठीक आहे.

तर प्रवेश झाला. मुख्य विषय अर्थशास्त्र. मी सुचवलं नव्हतं बरं का. खिडकीवर मी मुद्दाम चार पावलं मागं उभी राहिले. तिनं स्वतः सांगितलं.

पहिला महिना वाईट गेला. सकाळची पहिली एसटी, उभं राहून बारामती, परत यायला दुपार टळलेली. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट असतो, अहिल्यादेवी होळकरांच्या नावाची योजना आहे. कॉलेजात गेलं की ती संपते, मग विद्यार्थी सवलतीचा महिन्याचा पास काढायचा. ते पैसे आले. वह्या आल्या. पण पैशापेक्षा वाईट होतं ते वेगळंच. तिला कळत नव्हतं.

बारावीला तिचा अभ्यास कसा होता? गाईडमधली प्रश्नोत्तरं पाठ, परीक्षेत उतरवायची. इथं पहिल्याच पेपरात मॅडम फळ्यावर दोन रेषा काढायच्या, एक वरून खाली येणारी, एक खालून वर जाणारी. मागणी आणि पुरवठा. आणि विचारायच्या, "आता पाऊस लांबला तर यातली कुठली रेषा सरकेल? कुठल्या बाजूला?" याचं उत्तर गाईडात नसतं. वर्गातली शहरातली पोरं पटकन बोलायची. ही गप्प. मराठी शब्द पुस्तकात एक, मॅडमच्या तोंडात इंग्रजी दुसरा. एका शनिवारी माझ्याकडं आली आणि म्हणाली, "काकी, मी विषय बदलते. मराठी घेते."

तुम्हाला सांगते, माझ्या पोटात कालवलं. मी तिला रागावणार होते. पण मी म्हटलं, "बदल. पण आधी मला त्या दोन रेषा समजावून सांग. मला शिकायच्या होत्या, राहून गेल्या."

बसलो दोघी ओट्यावर. तिनं खडूनं फरशीवर रेषा काढल्या. मला कळेना. मी आडवे प्रश्न विचारत राहिले. "मला टोमॅटोचं सांग. गेल्या महिन्यात टोमॅटो बांधावर फेकून द्यायची पाळी आली आणि आता बाजारात घ्यायला गेलं तर भाव डोळे फाडतोय. यातली कुठली रेषा सरकली?" ती थांबली. विचार केला. म्हणाली, "पुरवठ्याची. सगळ्यांनी एकदम लावला तेव्हा उजवीकडं गेली, आता लावलाच नाही म्हणून डावीकडं. आणि टोमॅटो साठवता येत नाही काकी, म्हणून भाव एवढा उड्या मारतो. ज्वारीचा तसा मारत नाही." आणि मग तिचं तिलाच हसू आलं. उत्तर पाठ न करता आलं होतं.

मैत्रिणींनो, कॉलेजात पहिल्या वर्षी पोर रडत आली तर तिला लगेच "झेपत नसंल तर सोड" म्हणू नका. तिला म्हणा, मला समजावून सांग. तुम्हाला अक्षर येत नसलं तरी चालतंय. तुमचे प्रश्न तिच्या पुस्तकातल्या प्रश्नांपेक्षा अवघड असतात. आमच्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी तिला विचारलं, "दुधाचा भाव डेअरी ठरवती, पेंडीचा भाव दुकानदार ठरवतो, मग म्हशीवाल्यानं काय ठरवायचं?" पोरीनं तो प्रश्न वर्गात विचारला. मॅडमनी त्याच्यावर तास घेतला.

त्यानंतर ती ग्रंथालयात जायला लागली. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "काकी, बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्रातले होते, तुला माहीत होतं?" मला घटना माहीत होती, चवदार तळं माहीत होतं. अर्थशास्त्र ऐकून होते, पण त्यांनी नेमकं काय लिहिलं ते ठाऊक नव्हतं. १९१५ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. त्यांनी घेतली, ती याच विषयात. रुपयाच्या प्रश्नावरचं त्यांचं पुस्तक १९२३ चं. आणि १९१८ साली त्यांनी एक लेख लिहिला होता, भारतातल्या लहान शेतजमिनींबद्दल. तो तिला मॅडमनी समजावून सांगितला. त्यात मांडलंय ते असं: शेत परवडतं की नाही, हे नुसतं एकरावर ठरत नाही. त्यात घालायला भांडवल किती, अवजारं किती, राबणारे हात किती, त्याच्यावर ठरतं. आणि शेतावर गरजेपेक्षा जास्त माणसं अडकलेली असतात, त्यांना दुसरा उद्योग मिळाला पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीचा लेख. आमच्या वाटणीला दीड दीड एकर आलंय. थोरले दीर भाकरी खाताना हे ऐकत होते. हात धुता धुता म्हणाले, "हे तुला कॉलेजात शिकवत्यात?" एवढंच. पण त्या दिवसापासून ती कॉलेजातून आली की ते विचारायला लागले, "आज काय झालं?"

गटाच्या कामालाही तिचं शिक्षण लागलं. आमच्या गटातल्या एका ताईंनी बाहेरच्या एका खाजगी माणसाकडून दहा हजार घेतले होते, दहा महिन्यांसाठी. दर महिना दोन टक्के. ताई म्हणाल्या, "गटाचा पण दोन टक्केच आहे, मग फरक काय?" मी तोंडी सांगत होते, त्यांना पटत नव्हतं. पुतणी शेजारी बसली होती. तिनं वहीवर दोन रकाने पाडले. गटात दरमहा हजार मुद्दल फेडली की व्याज उरलेल्या रकमेवर. पहिल्या महिन्याला २००, मग १८०, मग १६०, असं करत शेवटच्या महिन्याला २०. बेरीज ११०० रुपये. त्या माणसाकडं मुद्दल फेडत गेलं तरी व्याज पूर्ण दहा हजारांवरच, दर महिना २००. बेरीज २०००. दर सारखा, फरक ९०० रुपयांचा. ताई त्या दोन रकान्यांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी कोंबड्यांची खेप गेली की त्यात." तो कागद आता आमच्या गटाच्या पेटीत झाकणाला आतून चिकटवलाय. तुमच्या गटात लावा, हिशोब तोच आहे.

आता त्या चौथ्या वर्षाचं. दिवाळीत एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, घाई त्यांना. कायद्यानं पोरगी सज्ञान आहे, आणि आपल्याकडं अठरा पूर्ण म्हणजे जणू दिवसच भरले. रात्री सगळी बसली होती. मी मुद्दाम गप्प बसले, कारण मी बोलले की जाऊबाईंना वाटतं मीच पोरीला फूस लावतेय. आणि खरं तर थोडी लावलेलीच आहे.

पोरगीच बोलली. तिला वर्गात नुकतंच एक शिकवलं होतं, संधी खर्च. म्हणजे एखादी गोष्ट केली की तिच्यापायी दुसरी कुठली सोडावी लागली, तोही खर्चच. खिशातून गेलेला पैसा दिसतो, हा दिसत नाही. ती म्हणाली, "आण्णा, मी हिशोब मांडते, तुम्ही चुकलं तर सांगा. चौथं वर्ष केलं तर फी, पास, पुस्तकं जातील. शिवाय ते वर्ष मी बारामतीत दुकानात कामाला गेले असते तर महिना आठ हजार मिळाले असते. वर्षाचे ९६ हजार. म्हणजे चौथं वर्ष लाखाच्या वर पडतं."

थोरले दीर म्हणाले, "मग तूच सांगतीयास की नको."

"थांबा ना. तीन वर्षांची पदवी घेतली तर एम.ए.ला दोन वर्षं लागतात. तीन आणि दोन, पाच. चार वर्षांचं ऑनर्स केलं तर एम.ए. एका वर्षाची होते. चार आणि एक, पाच. मला पुढं शिकवायचं असेल, नेटची परीक्षा द्यायची असेल, तर चौथं वर्ष जादा नाहीच. चार वर्षांत ७५ टक्के पडले तर नेट एम.ए.च्या आधीसुद्धा देता येते. आणि मला बँकेची, एमपीएससीची परीक्षा द्यायची असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते, मग मी तिसऱ्यात थांबेन. पण हे ठरवायला माझ्याकडं अजून दोन वर्षं आहेत. तुम्ही लग्न आत्ता ठरवलं तर त्याचा संधी खर्च कुणी मांडला का?"

घरात कुणी बोललं नाही. जाऊबाई उठल्या आणि भांडी घासायला गेल्या. मला वाटलं, रागावल्या. मी मागं गेले तर परातीवर हात तसाच ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझा कुणी मांडला नव्हता गं." जाऊबाई सातवी झाल्यात. वर्गात पहिल्या यायच्या, हे मला त्या रात्री कळलं. एका घरात इतकी वर्षं राहून.

स्थळाला "दोन वर्षं थांबा" म्हणून कळवलं. ते थांबले नाहीत. त्यांचं त्यांना बघू दे.

पैशाचं राहिलं. आपल्या बायकांचा एक गैरसमज झालाय, तो काढते. जुलै २०२४ मध्ये सरकारनं मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, असं सगळीकडं ऐकलं. ते खरं आहे, पण ते व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे, आणि आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ठरलेल्या प्रवर्गांसाठी. साध्या बी.ए.ला त्याची वाट बघत बसू नका. बी.ए.साठी महाडीबीटीवर दुसऱ्या शिष्यवृत्त्या आहेत, त्या जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर मिळतात. दाखले एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूत उभं राहायला जागा नसते. विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची कमवा आणि शिका योजना आहे. कॉलेजात रोज थोडे तास काम, ग्रंथालयात, ऑफिसात नाहीतर बागेत, त्याचे पैसे. आमच्या पोरीनं ग्रंथालय घेतलं. जाऊबाईंना आधी आवडलं नाही, "शिकायला पाठवली का पुस्तकं झाडायला?" पण महिन्याचा पास त्यातून निघाला.

बाकीचं गटातून. सहा हजार रुपये अंतर्गत कर्ज, जाऊबाईंच्या नावावर. बैठकीत एका वहिनींनी विचारलं, "शिक्षणाला कर्ज देऊन गटाला काय परतावा? शेळीला दिलं तर करडं तरी होतात." प्रश्न रास्त होता. गटाचा पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे. मी उत्तर द्यायच्या आधी त्या कोंबडीवाल्या ताई म्हणाल्या, "माझे नऊशे रुपये कुणी दाखवले, ते लिहा परताव्यात." कर्ज मंजूर झालं. हप्ते वेळेवर चालू आहेत, एकही चुकला नाही.

पहिल्या सत्राचा निकाल लागलाय. सगळे पेपर सुटले. अर्थशास्त्रात बरे पडले, पण ७५ ला अजून बराच पल्ला आहे. इंग्रजीनं मागं ओढलंय. दुसऱ्या शाखेचा विषय म्हणून तिनं कॉमर्सचा हिशोबाचा पेपर घेतला होता, त्यात मात्र सगळ्यांत जास्त. ते बघून थोरले दीर म्हणाले, "मग कॉमर्सलाच जायचं होतं." बापाचं समाधान लवकर होत नाही.

चौथं वर्ष करील की तिसऱ्यात थांबेल, मला माहीत नाही. तिलाही नाही.

एक सांगायचं राहिलंच. गटाच्या कर्ज रजिस्टरात कारणाचा रकाना असतो. शेळी, बियाणं, दवाखाना, घरदुरुस्ती. आमच्या सचिव ताईंनी जाऊबाईंच्या कर्जापुढं काय लिहावं म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, शिक्षण लिहा. जाऊबाई म्हणाल्या, "नाय, नीट लिवा. ऑनर्स." ताईंनी लिहिलं, आणि सहीसाठी वही पुढं सरकवली. जाऊबाई एरवी आमच्या गटात अंगठा देतात, शाळेची सवय मोडली म्हणून. त्या दिवशी त्यांनी पेन मागून घेतलं.

येते. सोमवारी निमगाव केतकीला गटाची बैठक आहे, बारावीच्या पोरींची कागदपत्रं कुणाला दाखवायची असतील तर तिथं घेऊन या.